तारेखालची जमीन: काय लावायचं, काय तोडायचं आणि कुणी

मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसला की आपल्या बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीकडे वीज जाते. ती कधी येणार हे बहुतेक वेळा कुठेतरी तारेवर आडवं पडलेल्या झाडावर अवलंबून असतं. त्याआधी महिनाभर लाईनमन कोयते-कुऱ्हाडी घेऊन फिरलेले असतात. रस्त्याकडेची झाडं बोडकी झालेली असतात आणि कुणाच्या तरी परसातलं जांभळीचं झाड अर्ध्यातून छाटलं म्हणून वादावादीही झालेली असते. एवढं होऊनही वीज जातेच. दरवर्षी एवढी तोड होत असताना तारेखालचं रान दरवर्षी पुन्हा तेवढंच दाट का होतं? आणि आपल्या शेतावरून लाईन गेली असेल, तर त्या पट्ट्यात आपण नेमकं काय करायचं?

या विषयावर गावात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘तारेखाली काही लावायचंच नाही.’ दुसरं म्हणजे ‘आपली जमीन आहे, काय वाटेल ते लावू.’ दोन्ही चुकीची आहेत. तारेखाली हिरवळ चालते, झुडूप चालतं, बरीचशी पिकं चालतात. चालत नाही ते उंच होणारं झाड. उंच म्हणजे किती, हे मात्र लाईनवर आणि त्या लाईनमधल्या जागेवर ठरतं.

आधी लाईन कोणती ते ओळखू. आपल्या भागात लोखंडी मनोऱ्यांवरून जाणाऱ्या मोठ्या लाईनी, म्हणजे ११०, २२० आणि ४०० केव्हीच्या, प्रामुख्याने केपीटीसीएलच्या, म्हणजे कर्नाटकाच्या वीज पारेषण कंपनीच्या असतात. गावात, मळ्यात खांबांवरून येणाऱ्या ११ केव्हीच्या लाईनी आणि टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत येणारी साधी लाईन हेस्कॉमची, म्हणजे घरोघरी वीज पुरवणाऱ्या कंपनीची. ३३ केव्ही या दोहोंच्या मधली. केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. घरात येतात २३० व्होल्ट, तेव्हा ११० केव्ही म्हणजे किती याचा अंदाज येईल. बेळगाव-हुबळीकडे ११० केव्हीच्या लाईनी भरपूर आहेत. बेंगळूरकडे त्या जागी ६६ केव्ही जास्त दिसते.

प्रत्येक लाईनीला दोन्ही बाजूंनी मिळून एक पट्टा लागतो. कागदपत्रात त्याला ‘राईट ऑफ वे’ म्हणतात, गावात नुसता ‘लाईनचा पट्टा’. जंगलातून जाणाऱ्या लाईनींसाठी केंद्राच्या पर्यावरण खात्याने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा पट्टा ११ केव्हीला ७ मीटर, ३३ ला १५, ११० ला २२, २२० ला ३५ आणि ४०० ला ४६ मीटर असा धरला आहे. शेतातही साधारण हेच आकडे ऐकू येतात. ३५ मीटर म्हणजे चांगलीच रुंदी. तारा तर मनोऱ्याच्या दोन हातांवर, जेमतेम दहा-बारा मीटरच्या फळीत असतात. मग बाकीची जागा कशाला?

ती जागा तारेच्या हलण्यासाठी आहे. तार दिसते स्थिर, पण ती दिवसभर वर-खाली होत असते आणि वाऱ्याला आडवी झोके घेते.

झोळ आणि हवा

दोन मनोऱ्यांमधली तार कधीच ताठ नसते, तिला झोळ असतो. ही तार म्हणजे आत पोलादाचे पीळ आणि बाहेर ॲल्युमिनियमचे. ऊन तापलं आणि गावोगावच्या मोटारी एकदम सुरू होऊन तारेतून करंट जास्त वाहू लागला की तार तापते आणि लांब होते. लांबी फार वाढत नाही. ३०० मीटरच्या अंतरात तार ४० अंशांनी तापली, तर लांबी वाढते जेमतेम वीसेक सेंटिमीटर. पण गंमत अशी की तेवढ्यानेच मधला झोळ सुमारे दीड मीटर खाली येतो. दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असल्यामुळे वाढलेली सगळी लांबी मध्ये पोटाशी जमा होते. साडीची दोरी वीतभर ढिली केली तर मधली साडी हातभर खाली लोंबते, तसंच हे.

म्हणून थंडीतल्या सकाळी ‘तार कितीतरी वर आहे की’ असं म्हणून लावलेलं झाड एप्रिलच्या दुपारी तारेच्या टप्प्यात येतं. छाटणीचं माप थंडीत घेतलं तर ते फसवं असतं.

दुसरी गोष्ट हवेची. हवा वीज अडवते, पण एका मर्यादेपर्यंत. अंतर कमी झालं की हवाच फुटते आणि ठिणगीची उडी पडते. झाडाची फांदी तारेला लागायलाच हवी असं अजिबात नाही. जवळ असणं पुरेसं असतं. फांदीत ओल असते, मुळं जमिनीत असतात, त्यामुळे उडालेली वीज झाडातून सरळ जमिनीत जाते. सब-स्टेशनमधली यंत्रणा हा दोष ओळखून काही क्षणांत लाईन बंद करते. यालाच आपण ‘लाईन ट्रिप झाली’ म्हणतो. म्हणून त्याच २०१४च्या सूचनांत तार आणि झाड यांच्यात किमान किती अंतर हवं तेही दिलं आहे: ११ केव्हीला २.६ मीटर, ३३ ला २.८, ११० ला ३.७, २२० ला ४.६, ४०० ला ५.५ मीटर. तारेचा झोळ सगळ्यात जास्त असतानाही हे अंतर राहायला हवं. शिवाय पुढची छाटणी होईपर्यंत झाड जेवढं वाढेल तेवढी जागा वरून सोडावी लागते.

आता यातून एक उपयोगाचा हिशेब निघतो. ११० केव्हीच्या तारेची जमिनीपासूनची उंची, अगदी झोळाच्या तळाशीसुद्धा, ६.१ मीटरपेक्षा कमी असू नये असा नियम आहे. त्यातून ३.७ वजा केले की उरतात २.४ मीटर. २२० केव्हीला उंची साधारण ७ मीटर आणि अंतर ४.६, म्हणजे पुन्हा २.४. म्हणजे तार नियमातल्या किमान उंचीवर असेल, तर दोन मनोऱ्यांच्या मधोमध माणसाच्या डोक्याहून हातभर उंच एवढंच झाड चालतं. मनोऱ्याजवळ तार वर असते, तिथे सवलत बरीच मिळते. एकाच शेतात, एकाच लाईनखाली, ओढ्याच्या खोलगट भागात मोठं झाड चालून जातं आणि टेकाडावर करवंदीची जाळीही छाटावी लागते, ते यामुळेच. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तारा किमान उंचीपेक्षा वर असतात. पण आपल्या शेतात किती वर आहेत ते कंपनीच्या माणसांकडून मोजून घ्यावं. स्वतः काठी किंवा ॲल्युमिनियमचा पाईप उभा करून मोजायला जाऊ नये. हे वाचून कुणी हसेल, पण तुषार सिंचनाचा पाईप उभा करताना तारेला लागून माणसं दगावतात.

झाडांमुळे किती मोठा घोळ होऊ शकतो याची दोन उदाहरणं २००३ सालची आहेत. १४ ऑगस्टला अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या लाईनी एकामागून एक झाडांना लागून बंद पडल्या. नंतरच्या चौकशीत दिसलं की त्या लाईनींवर क्षमतेपेक्षा जास्त भारही नव्हता. खालची झाडं वेळेत छाटलेली नव्हती, एवढंच. त्यातून पडलेला अंधार अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांपर्यंत पोचला. दीड महिन्यातच, २८ सप्टेंबरला, स्वित्झर्लंडमधल्या एका लाईनीवर झाडाशी अशीच ठिणगी उडाली आणि सार्डिनिया बेट सोडून सगळा इटली देश अंधारात गेला. या घटनांनंतर अमेरिकेत मोठ्या लाईनींखालची झाडं सांभाळणं कंपन्यांवर दंडाच्या धाकाने बंधनकारक झालं. आपल्याकडेही नियम आहेत, पण रोजचं काम अजून ‘मृगाच्या आधी साफ करून टाका’ याच पद्धतीने चालतं.

खुंट का फुटतो

साफ करून टाकणं म्हणजे बुंध्यापासून तोडणं. आपल्या रानातली बरीच झाडं अशी तोडली की मरत नाहीत. साग, ऐन, जांभूळ, निलगिरी या सगळ्यांच्या खुंटाला नवे फुटवे येतात. जमिनीखाली मुळांचा जुना पसारा तसाच असतो, त्यात साठवलेलं अन्न असतं, आणि ते सगळं बळ चार-पाच फुटव्यांत उतरतं. बियांपासून आलेलं रोप पहिल्या वर्षी गुडघ्याला लागतं. खुंटाचा फुटवा त्याच वर्षात माणसाच्या वर जातो. म्हणजे एका झाडाच्या जागी पाच झाली, आणि तीही जास्त वेगाने वाढणारी. पुढच्या वर्षी पुन्हा तोड, पुन्हा फुटवे. तोडणाऱ्या मजुरांना काम मिळतं, बिलं निघतात, पण रान काही मागे हटत नाही.

या चक्रातून बाहेर पडायचा रस्ता काय, याचा सगळ्यात जुना प्रयोग अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हानिया राज्यात झाला. १९५३ साली तिथे एका लाईनीखालच्या पट्ट्यावर अभ्यास सुरू झाला. निमित्त शिकाऱ्यांचं होतं. तणनाशक मारल्यामुळे शिकारीची जनावरं जातील अशी त्यांची तक्रार होती. अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला आणि त्यातून एक साधी मांडणी पुढे आली. तारांच्या बरोबर खालच्या भागात गवत आणि बुटकी झुडपं ठेवायची. पट्ट्याच्या दोन्ही कडांना जरा उंच झुडपं, पण झाडं नाहीत. पट्ट्याच्या बाहेर नेहमीचं जंगल. उंच होणारी तेवढीच झाडं एकेक करून, निवडून काढायची, आणि खुंट पुन्हा फुटणार नाही अशी व्यवस्था करायची. झुडपांना हात लावायचा नाही.

झुडपांना हात लावायचा नाही, हाच यातला खरा मुद्दा. दाट झुडूप वाढलं की खाली सावली पडते, जमिनीतलं पाणी तेच घेतं, आणि झाडाचं रोप त्यात उगवलं तरी वर येत नाही. सरसकट सगळं कापलं की जमीन उघडी पडते आणि पहिली मुसंडी मारतात ते झाडांचे फुटवे आणि तण. म्हणजे अंदाधुंद तोडण्याने आपण झाडांचीच वाट मोकळी करत असतो.

पश्चिमेला एक, पूर्वेला दुसरं

ही मांडणी आपल्या जिल्ह्यात जशीच्या तशी बसवता येणार नाही, कारण आपल्या जिल्ह्यात एक हवामान नाही. कणकुंबीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, अथणीला पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. अंतर गाडीने चार-पाच तासांचं, पण झाडांच्या वाढीच्या हिशेबात ही दोन वेगळी जगं आहेत.

खानापूरच्या पश्चिमेला काय वाढवायचं हा प्रश्नच नसतो, आपोआप वाढतं ते कसं आवरायचं हा प्रश्न असतो. इथे निवड निसर्गाने करून ठेवली आहे. करवंद, धायटी, मुरुडशेंग, कारवी ही सगळी या मातीतली, दोन-तीन मीटरच्या आत राहणारी झुडपं. लाईनखाली जिथे तार फार खाली येत नाही तिथे ती तशीच राहू दिली, तर ऐन-सागाच्या फुटव्यांना आळा बसतो. करवंदं गावातल्या बायकांना विकायला मिळतात, धायटीच्या लाल फुलांवर मधमाश्या येतात. उलट सगळं साफ केलं तर उघड्या जमिनीवर येते रानमोडी आणि घाणेरी. दोन्ही बाहेरून आलेली. रानमोडी उन्हाळ्यात वाळून कोळ होते आणि वणव्याला वाट करून देते, आणि वणवा तारेखाली पोचणं काय असतं ते पुढे सांगतो.

या पट्ट्यातला सगळ्यात मोठा त्रास बांबूचा. पावसाळ्यात बांबूचा कोंब काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठतो. जूनमध्ये तिथे काही नव्हतं आणि सप्टेंबरमध्ये कळक तारेत गेलेला असतो. वर्षातून एकदा होणारी छाटणी त्याच्यासाठी उपयोगाची नाही. कोंब कोवळे असताना, पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मोडले तर काम होतं. काजू लावणाऱ्यांनीही इथे जरा थांबून विचार करावा. काजूचं झाड आठ-दहा मीटर जातं. पट्ट्याच्या बाहेर लावलं तर प्रश्न नाही. मधोमध लावलं तर फळ धरायला लागायच्या सुमारास कुऱ्हाड येणार, आणि तेव्हा भरपाईचं भांडण हातात फारसं काही देत नाही. का, ते कायद्याच्या भागात येतं.

बेळगाव तालुक्यात, येळ्ळूर, उचगाव, कडोलीकडे, बटाटा, रताळी, भात, कोबी, मिरची असं सगळं तारेखाली बिनधास्त घेता येतं. इथे अडचण पिकाची नसून बांधाची आहे. बांधावरची निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ वाऱ्याला कलते आणि लाईन जाते. ही तिन्ही झपाट्याने वाढणारी, आणि निलगिरी तर तोडली तरी पुन्हा फुटणारी. लाईनीकडच्या बांधावर त्याऐवजी सीताफळ किंवा डाळिंब लावावं. ती आटोक्यात राहतात आणि पैसेही देतात.

निपाणी-चिकोडीकडे तंबाखू, सोयाबीन, हरभरा यांचा तारेला काहीच त्रास नाही. ऊस मात्र वेगळं प्रकरण आहे. उभा ऊस तीन-साडेतीन मीटर होतो, चांगला असेल तर आणखी वर. वरचा हिशेब आठवा: तार किमान उंचीवर असेल, तर झोळाखाली पिकाला मिळतात अडीच मीटरच्या आसपास. म्हणून उसाची लागण करण्याआधी मधल्या भागाची मापं घेऊन ठेवलेली बरी. पण उसाचा खरा धोका आगीचा. पाचट पेटवल्यावर ज्वाळा आणि काजळीचा धूर तारेपर्यंत गेला की हवेची वीज अडवायची ताकद कमी होते. धुरातून ठिणगी उडते आणि २२० केव्हीसारखी मोठी लाईनही ट्रिप होते. मोठ्या लाईनीखाली पाचट न पेटवता ते सरीत कुजवणं हे जमिनीसाठी चांगलं आहेच, पण इथे त्याचं कारण वेगळं आहे. एक शेत पेटवल्याने दोन-तीन तालुक्यांची वीज जाऊ शकते.

उलट दिशेने लागणारी आगही सगळ्यांना माहीत आहे. ११ केव्हीच्या ढिल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, ठिणगी वाळलेल्या पाल्यात पडते आणि तोडणीला आलेला ऊस जळतो. इथे दोष झाडाचा नाही, ढिल्या तारेचा आहे, आणि ती ताणणं हे कंपनीचंच काम आहे. तारा लोंबत असतील तर जळण्याआधी लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. जळल्यानंतर पोलीस आणि महसूलचा पंचनामा, आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल, हे दोन कागद नसतील तर भरपाईची फाईल पुढे सरकत नाही.

अथणीकडे द्राक्षाच्या बागा आहेत. बागेचा मांडव म्हणजे लोखंडी खांब आणि शेकडो मीटर तार, आणि तीही बऱ्याचदा मोठ्या लाईनीला समांतर. लाईनीच्या भोवती विद्युत क्षेत्र असतं. त्यामुळे न लागताही मांडवाच्या तारेत वीज जमा होते आणि हात लावला की चटका बसतो. ‘बागेत करंट उतरलाय’ अशी तक्रार येते ती यामुळे. तारेच्या कुंपणालाही हेच होतं. उपाय सोपा: मांडवाची आणि कुंपणाची तार ठराविक अंतराने अर्थ करायची, म्हणजे जमिनीशी जोडायची. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. सारखा चटका बसत असेल तर आधी कंपनीला कळवावं, कारण दरवेळी कारण एवढं साधं नसतं. इन्सुलेटर फुटलेला असू शकतो.

कायदा, नोटीस आणि पैसे

मोठ्या लाईनीसाठी कंपनी जमीन विकत घेत नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि २००३ चा वीज कायदा यांच्या आधारे तिला लाईन टाकायचा आणि सांभाळायचा हक्क मिळतो. जमिनीची मालकी आपल्याकडेच राहते. टेलिग्राफ कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली असली, तरी वीज लाईनींसाठीची जुनी तरतूद त्यात चालू ठेवली आहे. त्या तरतुदीनुसार नुकसान शक्य तेवढं कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. भरपाई कमी वाटली तर दाद जिल्हा न्यायाधीशांकडे मागता येते. तहसीलदारांच्या कचेरीतच सगळं संपतं असं नाही.

झाडांबद्दलची मुख्य तरतूद वीज कायद्याच्या कलम ६८ मध्ये आहे. लाईनीला अडथळा करणारं झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने काढता येतं किंवा छाटता येतं. या कलमात ‘झाड’ म्हणजे झुडूप, कुंपण, रानटी वाढ असं सगळं धरलं आहे. आणि त्याच कलमात एक वाक्य आहे जे शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावं: लाईन टाकण्याआधीपासून असलेल्या झाडाला योग्य भरपाई. लाईन आल्यानंतर लावलेल्या झाडाला या कलमाचा आधार नाही. म्हणून मधोमध लावलेल्या काजूचं भांडण कमजोर पडतं, आणि म्हणूनच लाईन येणार अशी कुणकुण लागताच आपल्या झाडांचे फोटो, जात, बुंध्याचा घेर, शेताचा सर्व्हे नंबर हे सगळं टिपून ठेवायला हवं. उताऱ्यावर फळझाडांची नोंद नसेल तर ती आधी करून घ्यावी.

नवी लाईन येत असेल तर केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचना माहीत असाव्यात. ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनींसाठी मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, आणि पट्ट्यातल्या जागेला ३० टक्के भरपाई त्यात सांगितली आहे. २०१५ च्या सूचनांत हेच आकडे ८५ आणि १५ टक्के होते. मात्र राज्याच्या स्वतःच्या लाईनींना हा दर तेव्हाच लागू होतो जेव्हा राज्य तो स्वीकारतं. म्हणून लाईन केंद्राच्या योजनेतली की राज्याची, हा पहिला प्रश्न विचारायचा. ‘शेजारच्या गावाला एवढे मिळाले’ हे ऐकून चालत नाही, ती लाईन वेगळी असू शकते.

नोटीस आणि पंचनामा कन्नडमध्ये येतो, हे आपल्याकडचं वास्तव आहे. त्यावर वाद घालायची ही जागा नाही, पण न वाचता सही करायची नाही एवढं पक्कं. गावात कन्नड नीट वाचणारा कुणी ना कुणी असतोच, तरुण पोरं तर शाळेत शिकलेली असतात. तीन गोष्टी बघायच्या: सर्व्हे नंबर बरोबर आहे का, झाडांची संख्या जातीनुसार मांडली आहे का, आणि ‘तोडणे’ लिहिलंय की ‘छाटणे’. शेवटच्या फरकावर पैसे ठरतात. आपल्या जमिनीतली झाडं आपण स्वतः तोडायची असतील तर १९७६ चा कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदाही लागतो आणि वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. निलगिरी, सुबाभूळ, सुरू अशा काही जातींना त्यातून सूट आहे.

जंगलातून जाणाऱ्या लाईनीचं गणित आणखी वेगळं. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यातल्या शेल्डेला जाणाऱ्या ४०० केव्हीच्या लाईनीवरून गेली काही वर्षं रान पेटलेलं आहे. पश्चिम घाटातून नवा पट्टा काढायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने जिथे आधीच २२० केव्हीच्या लाईनीचा पट्टा आहे त्याच्याच वाटेने जाण्याची, स्वतः नेमलेल्या समितीची शिफारस मान्य केली. कर्नाटकाच्या बाजूने तो वाद गोव्याबरोबरच्या म्हादई नदीच्या पाणीवादाशी जोडला गेला, ते राजकारण बाजूला ठेवू. पण नव्या पट्ट्याऐवजी जुन्याच पट्ट्यावर भर द्यायचा हा विचार मला पटतो. जंगलात एक पट्टा म्हणजे दोन नव्या कडा. कडेला ऊन-वारा आत शिरतो, रानमोडी-घाणेरी त्याच वाटेने आत जाते. फांद्यांवरून फिरणाऱ्या शेकरूला मधली मोकळी जागा ओलांडता येत नाही. गव्यांना मात्र तिथलं गवत आवडतं, तेही खरं. पट्टा कसा सांभाळला जातो यावर हे नुकसान कमी-जास्त होतं. उघडा ठेवला तर ते तणाचं रान होतं. देशी झुडपांनी भरू दिला तर निदान खालच्या थरातल्या जनावरांना आडोसा मिळतो.

छाटणी कुणी आणि कशी

छाटणी कंपनीच्या माणसांनी, लाईन बंद करून. लाईनमन आधी सब-स्टेशनकडून एलसी घेतात, म्हणजे लाईन बंद असल्याची खात्री, आणि तारा दोन्ही बाजूंनी अर्थ करतात. ही साखळी तुटते ती बऱ्याचदा आपल्याच घरी. वीज गेली म्हणून कुणी जनरेटर चालू करतो, आणि घराची जोडणी लाईनीवरून जनरेटरवर वळवणारा बदली स्विच (चेंजओव्हर) नसेल तर ती वीज उलटी टीसीतून ११ केव्हीच्या तारेत चढते. झाडावर बसलेल्या माणसाला ते कळत नाही. गावात छाटणी चालू असताना जनरेटरचा स्विच तपासा.

आता छाटणीची पद्धत. झाडाचा शेंडा सपाट कापून टाकणं ही आपल्याकडची आवडती रीत, आणि तीच सगळ्यात वाईट. सपाट कापलेल्या जागी पाणफुटीच्या सरळसोट फांद्यांचा झुपका येतो. तो लवकर वाढतो आणि बुंध्याशी धरून नसतो, त्यामुळे पहिल्या वादळात तोच मोडून तारेवर पडतो. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदी तिच्या मुळाशी, जिथे बुंध्याला किंचित फुगीर कडं असतं त्याच्या बाहेरून, स्वच्छ कापायची. बुंधा भेदायचा नाही, खुंटही ठेवायचा नाही. दुसऱ्या बाजूच्या फांद्या राहू द्यायच्या, म्हणजे झाड वाढ तिकडे वळवतं. पुढच्या वर्षी काम कमी होतं. बेळगावच्या कॅम्पात जुनी डेरेदार झाडं आहेत. त्यांना अशी छाटणी मिळाली तर ती अजून पन्नास वर्षं तारेबरोबर नांदतील.

जी झाडं पट्ट्याच्या बाहेर आहेत पण पडली तर तारेवर येतील, ती वेगळी बघायला हवीत. पोखरलेला बुंधा, एका बाजूला उघडी पडलेली मुळं, वाळवी, कललेलं खोड, वाळलेला शेंडा. पावसाळ्यात वीज जाते ती यांच्यामुळे जास्त, आणि पट्टा कितीही साफ केला तरी ही झाडं तशीच उभी असतात. हे झाड गावातल्या माणसालाच आधी दिसतं, लाईनमनला नाही. मार्चमध्ये फोटो काढून जवळच्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्यायचा. तातडीचं असेल तर १९१२ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

तार तुटून पडलीच, तर ती मेलेली आहे असं धरायचं नाही. निदान दहा मीटर लांब राहायचं, आणि जवळ असाल तर पाय न उचलता, दोन्ही पावलं जमिनीला घासत मागे सरकायचं. तारेभोवतीच्या जमिनीत वीज पसरलेली असते. मोठं पाऊल टाकलं की दोन पायांमधून करंट जातो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून माणूस वाचला तरी म्हैस जाते. पोरांना आणि गुरं राखणाऱ्यांना हे मृग लागायच्या आधी सांगून ठेवावं.